दोनशे वीस पौंडांत

लॅबमधल्या मुलींनी निरोपाच्या पाकिटात
दोनशे वीस पौंड घातले होते.
"स्वतःसाठी काहीतरी घ्या, मिसेस टिपणीस.
पडदे नकोत, पातेली नकोत."
म्हणून मी मोरकॅमला, किनाऱ्यामागच्या गल्लीत,
ऑर्मरॉडच्या दुकानात शिरले.
तिथे भिंतीवरची घड्याळं, मासे धरायचे गळ आणि दुर्बिणी
एकाच कपाटात धूळ खातात.

चौदाशेचा स्कोप त्याने आधी दाखवला.
"बघून ठेवा. काय परवडत नाही
तेही नीट माहीत असावं."
पाहिलं.
समोरच्या छपरावर चिमणी,
म्हणजे धुराची, पाखराची नव्हे.
तिच्या विटांवरचं शेवाळ दिसलं,
आणि वर बसलेल्या कुरवाच्या डोळ्याभोवतीचं
पिवळं कडं,
इतकं लख्ख की मीच ओशाळले,
न विचारता कुणाच्या घरात डोकावल्यासारखी.

मग एकशे पंचावन्नवाला.
तीच चिमणी, तोच कुरव,
पण दोघांच्या कडेला जांभळी किनार,
स्वस्त लुगड्याला असते तशी, जरा जास्तच रुंद.
"हा रंग जात नाही का?"
"जातो की. आणखी बाराशे पंचेचाळीस पौंडांत."

मी पुन्हा डोळा लावला.
तो म्हणाला, "दुसरा डोळा मिटत नाही तुम्ही?
सगळे मिटतात."
एकतीस वर्षं मायक्रोस्कोपवर काढली, बाबा.
दोन्ही उघडे ठेवायचे,
एकाने बघायचं,
दुसऱ्याला नुसतं बसवून ठेवायचं
पाहुण्यांसमोर पोराला बसवतात तसं.
इतकी वर्षं मान खाली,
काचपट्टीवरच्या परक्या रक्तात.
आता मान वर करायची आहे, एवढंच.

ट्रायपॉडचं मात्र अडलं.
एक होता समईसारखा, जड, हलेल तर शपथ.
एक काळा, कार्बनचा, करंगळीवर उचलावा असा;
त्याची किंमत मी वाचली
आणि चिठ्ठी हळूच उलटी करून ठेवली.
तिसरा साठ पौंडांचा, बगळ्याच्या पायांचा.
माझ्या ऑपरेशन झालेल्या खांद्याला तो लगेच पटला.
पण मी शिंकले, तर आख्खं छप्पर थरथरलं.
"मधला दांडा वर काढू नका," ऑर्मरॉड म्हणाला,
"पाय सोडा, जाडे आधी, बारीक शेवटी.
आणि खाली हुक आहे, त्याला काहीतरी जड लटकवा."
उरलेल्या पाच पौंडांत
दोन किलो बटाटे आले, थोडे कांदे.

हेस्ट बँकला बसमधून उतरले,
फाटक ओलांडून किनाऱ्यावर.
भरती चढत होती आणि चिखल आवळत होता,
कालवफोडे एका रांगेत, लाल चोचींचे,
सगळे वाऱ्याकडे तोंड करून.
मी पाय सोडले, बटाटे लटकवले.
त्यांच्या पलीकडे एक कुरल,
आणि कुरलाच्या पायात पिवळी कडी,
तिच्यावर अक्षरं.

झूम साठावर नेला.
कुरल मोठा झाला, तसा अंधारही मोठा झाला,
आणि हवा उकळल्यासारखी हलू लागली.
परत विसावर आले. थांबले.
वाढवून जे दिसत नाही
ते कधीकधी दहा पावलं स्वतःहून जवळ येतं.
आलं.
जे. मग सात.
तिसरं चिखलाखाली.

तेवढ्यात मागून ग्लासगोची गाडी गेली,
किनारा, बटाटे, मी, सगळे हललो.
कुरल तेवढा जागचा हलला नाही.
चित्र ठरेपर्यंत मात्र त्याने पाय बदलला होता,
कडीचा पाय पोटात.

वहीत लिहिलं: जे, सात, पुढे रिकामी जागा.
आणि हाताच्या सवयीने खाली
लॅबच्या रिपोर्टात लिहायचे तेच:
नमुना अपुरा. पुन्हा घ्यावा.

निघताना पिशवी हुकावरून काढली, आधी तीच,
तसा ट्रायपॉड वाऱ्याने कलंडला.
मी झेलला, स्कोपसकट,
नेमका त्याच खांद्यावर.